जपान १९४५-५२ : हरलेल्या देशातला पहारा

येरळाकाठ

आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी एक वाडगा आहे. लाखेचा, बाहेरून काळा, आतून लालभडक, कडेला गव्हाच्या दाण्याएवढा टवका उडालेला. आजी त्यात अक्षता ठेवायची, आता आई ठेवते. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तो १९४७ साली जपानहून आणला.

आबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते. जंगी पलटण. एप्रिल १९४५ मध्ये ही पलटण इटलीत सेनियो नदीवर लढत होती. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथलाच. पुढच्याच वर्षी तीच पलटण जपानमध्ये. आबा 'कब्जा' हा शब्द कधी वापरत नसत. "जपानला पहाऱ्याला होतो" एवढंच म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, एखाद्या बंगल्याला असतो तसा पहारा असेल.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं. जपानवरचा ताबा मुख्यतः अमेरिकेचा, पण तिच्या जोडीला ब्रिटिश राष्ट्रकुलाची फौज होती: ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान. मुख्यालय हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरात. आपल्या २६८ ब्रिगेडमध्ये मराठा, पंजाब आणि गुरखा अशा तीन पलटणी, आणि ब्रिगेडियर होते के. एस. थिमय्या, जे पुढे आपले लष्करप्रमुख झाले. ओकायामा, शिमाने, तोत्तोरी हा पश्चिमेकडचा मुलूख त्यांच्याकडे. कारभार मात्र त्यांच्याकडे नव्हता, तो अमेरिकनांनी स्वतःकडे ठेवला होता. आपल्या माणसांचं काम म्हणजे गस्त, पहारा, दारूगोळा शोधून नष्ट करणं. ज्यांचा स्वतःचा देश अजून परक्याच्या ताब्यात होता, ते दुसऱ्याच्या देशात ताबा घेणारे म्हणून उभे होते. दिल्लीत लाल किल्ल्यावरचे आझाद हिंद सेनेचे खटले तेव्हा ताजे होते. ही गोष्ट आबांच्या मनात कुठे बसली होती ते मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारता येत नाही.

पण एक गोष्ट ते सांगायचे. "तांदूळ पिकवणारा देश, आन पोरं आमच्या लंगराच्या मागं डबडी घिऊन हुबी." स्थानिक लोकांशी मिसळायला राष्ट्रकुलाच्या फौजेत सक्त मनाई होती, तरी उरलेला भात डबड्यात जायचाच.

आता मूळ मुद्दा. जपानवरच्या ताब्याबद्दल आपल्याकडे एक ठरलेली कथा आहे. ३० ऑगस्ट १९४५ ला ताबा घेणाऱ्या फौजांचा अमेरिकन सरसेनापती जनरल मॅकआर्थर आत्सुगीच्या धावपट्टीवर उतरला, त्याने राज्यघटना दिली, बायकांना मत दिलं, कुळांना जमीन दिली आणि जपान सुधारला. मला हे पटत नाही. हुकूम त्याचा होता, मान्य. पण जे टिकलं ते बहुतेक असं होतं, ज्यासाठी जपानी माणसं आधीच वर्षानुवर्षं झटत होती. ज्याला तिथल्या कुणाचा हात लागला नाही, ते ताबा उठायच्या आतच उलटं फिरू लागलं.

बायकांच्या मतदानाचं घ्या. इचिकावा फुसाए १९२० च्या दशकापासून त्यासाठी लढत होत्या. शरणागतीनंतर दहा दिवसांत त्यांनी महिलांची समिती उभी केली. पंतप्रधान शिदेहारांच्या मंत्रिमंडळाने मताधिकाराचा निर्णय घेतला तो मॅकआर्थरचा आदेश हाती पडायच्या आधी. १० एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या. आणि पुढे याच इचिकावांना ताबा घेणाऱ्यांनी सार्वजनिक जीवनातून काही वर्षं बाद केलं. श्रेय कुणाच्या नावावर लागलं ते आपल्याला माहीत आहेच.

राज्यघटनेचा मसुदा अमेरिकनांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये आठवड्याभरात लिहिला, हे खरं. पण प्रत्येक नागरिकाला आरोग्यपूर्ण आणि सुसंस्कृत जगण्याचा किमान हक्क देणारं २५ वं कलम त्या मसुद्यात नव्हतंच. ते जपानी समाजवादी सदस्यांनी संसदेत आग्रहाने घालून घेतलं.

तुमची मतं वाचायला आवडतील. कुणाच्या घरात त्या काळातलं काही ऐकीव असेल तर तेही लिहा.

---

सह्यकडा

उत्तम धागा. जमीनसुधारणेवर लिहायलाच हवं, कारण आपल्या कुळकायद्याशी तुलना केल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

युद्धाआधी जपानमध्ये निम्म्याला थोडी कमी, ४६ टक्क्यांच्या आसपास जमीन कुळांकडे होती. डिसेंबर १९४५ मध्ये जपानी सरकारने स्वतःच एक कायदा केला. शेतीखात्यातल्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात तो युद्धाआधीपासून घोळत होता. पण संसदेत जमीनदार बसलेले, त्यामुळे तो बोथट निघाला. ताबा घेणाऱ्यांनी तो नाकारला आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये कडक कायदा आला. गावाबाहेर राहणाऱ्या जमीनदाराची कुळांकडची सगळी जमीन सरकार घेणार. गावात राहणाऱ्याला कुळांकडची एक चो, म्हणजे सुमारे अडीच एकर ठेवता येईल, होक्काइदोत चार चो. १९५० पर्यंत कुळांकडची जमीन दहा टक्क्यांवर आली.

खरी मेख अंमलबजावणीत होती. प्रत्येक गावात दहा जणांची समिती निवडली गेली: पाच कुळं, तीन जमीनदार, दोन स्वतःची जमीन कसणारे. कोण किती कसतो, बांध कुठला कुणाचा, हे गावातलीच माणसं ठरवणार. अमेरिकन अधिकाऱ्याला भाताचं खाचर दाखवलं असतं तरी कुणाचं ते सांगता आलं नसतं. आणि भाव १९४५ चा धरलेला. महागाई इतकी भडकली की जमीनदाराच्या हाती पडलेल्या रोख्यांची किंमत नावापुरती उरली.

आता आपल्याकडे बघा. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ चा, आणि कृषकदिन, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचा मालक ठरण्याचा दिवस, उजाडला १ एप्रिल १९५७ ला. मधल्या नऊ वर्षांत किती कुळांकडून 'स्वखुशीने' जमीन सोडल्याचे कागद लिहून घेतले गेले, ते कोकणात आणि देशावर घराघरात माहीत आहे. माझ्या पणजोबांचा अंगठाही अशाच एका कागदावर आहे.

जपानच्या त्या कायद्यामागचा एक तज्ज्ञ, वुल्फ लाडेजिन्स्की, पुढे भारतातही आला, आपल्या जमीनसुधारणांवर त्याने अहवाल लिहिले. इथे मात्र कायदा करणारे आणि जमीन असलेले बऱ्याचदा एकाच घरातले होते. म्हणून येरळाकाठ यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. जपानी हात होतेच, पण जमीनदारांना बाजूला सारायला बाहेरची ताकद लागली. नुसत्या स्थानिक इच्छेवर झालं असतं तर डिसेंबर १९४५ चा बोथट कायदाच राहिला असता.

---

येरळाकाठ

@सह्यकडा, हे मान्य. माझं वाक्य थोडं दुरुस्त करतो: दोन्ही लागलं. बाहेरून रेटा आणि आतून तयारी. पणजोबांच्या अंगठ्याचं वाचून थांबलो. तो कागद जपून ठेवा.

---

नीलमोहर

धाग्यात स्त्रियांचा उल्लेख फक्त मतदानापुरता आला, म्हणून लिहिते आहे.

सम्राटाचं शरणागतीचं भाषण रेडिओवर झालं १५ ऑगस्टला. १८ ऑगस्टला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, जपानच्या गृहखात्याने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पोलिसांना कळवलं की येणाऱ्या परक्या सैनिकांसाठी 'सोय' करा. त्यातून एक मोठी संस्था उभी राहिली, सरकारी पाठबळावर. 'चांगल्या घरच्या' मुलींची अब्रू वाचवायची म्हणून गरीब, बेघर, अनाथ झालेल्या मुलींना पुढे करायचं, हा तो हिशोब. जाहिरातीत कामाचं नाव धड लिहिलेलं नसे. अन्न, कपडे, राहायला जागा, एवढं दिसलं की जळालेल्या शहरातली मुलगी जायची. तोक्योच्या ओमोरी भागात पहिलं केंद्र ऑगस्ट संपायच्या आत सुरू झालं. मार्च १९४६ मध्ये अमेरिकन सैनिकांना तिथे बंदी झाली, पण कारण रोगराई हे होतं. त्या मुलींना रस्त्यावर सोडून देण्यात आलं, आणि मग त्याच मुलींना समाजाने नावं ठेवली.

इथे जेता आणि हरलेला दोघांचं एकमत होतं, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कुणी विचारलं नाही. 'स्थानिकांचा हात' म्हणजे नेहमी चांगलंच, असं वाचताना वाटू नये म्हणून हे लिहिलं.

त्याच वेळी दुसरी बाजूही लिहिते, कारण ती मला मनापासून मोलाची वाटते. घटनेच्या मसुदा समितीत बेआते सिरोता नावाची २२ वर्षांची मुलगी होती. लहानपणीची दहा वर्षं ती तोक्योत वाढली होती, वडील पियानोवादक. आईबापांनी ठरवलेल्या लग्नात मुलीला तोंड उघडता येत नाही, नवऱ्याच्या घरी तिचं काही नसतं, हे तिने जवळून पाहिलं होतं. लग्न दोघांच्या संमतीनेच होईल आणि नवराबायकोचे हक्क समान असतील, हे २४ वं कलम तिच्या लेखणीतून आलं. ती परकी होती, आणि परकी नव्हतीही.

---

दूरदेशी_तोक्यो

तोक्योतल्या निशी-कासाईत राहतो, इथे आपली मराठी मंडळी बरीच आहेत. मला वाड्याबद्दल, म्हणजे वाडग्याबद्दल बोलायचं आहे (मोबाइलवर टंकतोय, चुका माफ करा).

त्या काळच्या जगण्याला इथे 'ताकेनोको' जीवन म्हणत. ताकेनोको म्हणजे बांबूचा कोंब. त्याची एकेक साल सोलावी तसं लोक घरातलं एकेक काढून विकायचे: आधी सणाचा किमोनो, मग गादीचे खोळ, मग भांडी. शहरातल्या बायका भरलेल्या गाड्यांना लटकून खेड्यात जायच्या आणि रेशमाच्या बदल्यात रताळी आणायच्या. सोलताना डोळ्यांत पाणी येतं म्हणून काही जण त्याला कांद्याचं जगणंही म्हणत.

रेशन होतं, पण मोठ्या माणसाला दिवसाला जेमतेम ३०० ग्रॅम धान्य, तेही आठवडे आठवडे उशिरा. काळ्या बाजाराशिवाय जगणं शक्यच नव्हतं. यामागुची योशितादा नावाचे तोक्योचे एक न्यायाधीश होते. त्यांच्यापुढे खटले यायचे ते काळ्या बाजारातून तांदूळ घेतलेल्या लोकांचे. अशांना शिक्षा देणारा मी, मग मी तोच तांदूळ कसा खाऊ, म्हणून त्यांनी फक्त रेशनवर जगायचं ठरवलं, आणि त्यातलंही बरंचसं मुलांना दिलं. ऑक्टोबर १९४७ मध्ये उपासमारीने गेले. पस्तिशीही गाठली नव्हती. तेव्हा मराठा पलटण जपान सोडून निघण्याच्या बेतात असेल किंवा नुकतीच निघालेली असेल.

येरळाकाठ, त्या वाडग्याला झाकण आहे का? आणि बाहेरच्या बाजूला काही चिन्ह?

---

कागदवेडा

सेन्सॉरशिपचं कुणी लिहिलं नाही अजून. माझ्या मते ताब्याचा सगळ्यात मोठा अंतर्विरोध तोच.

सप्टेंबर १९४५ मध्ये मॅकआर्थर आणि सम्राटाचा शेजारी उभं राहिलेला फोटो निघाला. हा कमरेवर हात ठेवून, उघड्या गळ्याच्या खाकी सदऱ्यात, आणि सम्राट शिष्टाचाराच्या काळ्या कोटात ताठ उभा. जपानी सरकारने वर्तमानपत्रं जप्त करायचा प्रयत्न केला. ताबा घेणाऱ्यांनी तो हुकूम रद्द केला आणि छापू दिलं. लोकांना वाटलं, मोकळीक आली.

पण त्याच महिन्यात वृत्तपत्रांसाठी नवी नियमावली निघाली. ताब्यावर टीका नको, अणुबाँबच्या वर्णनांवर करडी नजर, घटनेचा मसुदा कुणी लिहिला त्याचा उल्लेख नको, आणि सेन्सॉर आहे हेही लिहायचं नाही. जुन्या जपानी सेन्सॉरच्या काळात कापलेल्या शब्दांच्या जागी फुल्या दिसायच्या, वाचणाऱ्याला निदान कळायचं की इथे काहीतरी होतं. नव्या सेन्सॉरला फुल्याही चालत नव्हत्या. पान पुन्हा जुळवून, भोक दिसणार नाही असं छापायचं. हिरोशिमातल्या माणसाला आपल्या भाजलेल्या कातडीबद्दल मोकळेपणाने लिहिता येत नव्हतं, आणि त्याच वेळी नव्या घटनेच्या २१ व्या कलमात लिहिलेलं होतं की सेन्सॉरशिप असणार नाही.

जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या तोक्यो खटल्यात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी ११ न्यायाधीशांमध्ये एकट्याने सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं, ते आपल्याला शाळेत सांगतात. त्यांचं भलंमोठं भिन्नमतपत्र ताबा असेपर्यंत जपानी वाचकांपर्यंत पोचू दिलं गेलं नाही. १९५२ मध्ये ते छापलं गेलं. पण पाल यांनी जपानी सैन्याचे अत्याचार नाकारले नव्हते, त्यांचा आक्षेप होता तो युद्धानंतर नवा गुन्हा तयार करून मागच्या कृत्यांना लावण्याला. जपानमधले काही लोक आज त्यांचं नाव 'आम्ही काहीच केलं नाही' म्हणायला वापरतात, त्याचा मला राग येतो.

---

राइनकाठी

जर्मनीत २० वर्षं आहे, म्हणून फक्त एक फरक सांगते. जर्मनीत सरकार उरलंच नव्हतं, चार जेत्यांनी चार तुकडे करून थेट कारभार हाती घेतला. १३१ प्रश्नांचा फॉर्म भरून लाखो लोकांनी आपण नाझी होतो का ते सांगायचं. पूर्वेकडे रशियनांनी कारखानेच्या कारखाने, रुळांसकट उचलून नेले. जपानमध्ये सम्राट, मंत्रिमंडळ, खाती, पोलीस सगळं जागेवर होतं आणि अमेरिकन त्यांच्यामार्फत हुकूम द्यायचे. भाषा येणारी माणसंच त्यांच्याकडे मोजकी होती, दुसरा इलाजही नव्हता.

---

सह्यकडा

@राइनकाठी, अगदी बरोबर, आणि इथे इराकची आठवण येते. २००३ च्या आधी अमेरिकेत जपान-जर्मनीचे दाखले दिले जात होते. प्रत्यक्षात मे २००३ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन आदेश निघाले: पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाची माणसं सरकारी नोकरीतून गेली, दुसऱ्याने सैन्य बरखास्त. शस्त्र चालवता येणारी लाखो माणसं पगाराविना घरी.

जपानमध्येही सैन्य बरखास्तच केलं होतं. पण कसं? लष्कर आणि नौदल खात्यांची पाटी बदलून त्यांना सैनिक घरी पाठवणारी खाती केलं. त्याच कारकुनांनी, त्याच याद्या हातात धरून माणसं घरी पोचवली. चीन, मंचूरिया, आग्नेय आशियातून ६० लाखांवर जपानी परत यायचे होते. खाती मोडली असती तर बंदरांवर काय झालं असतं?

---

दूरदेशी_तोक्यो

ताबा संपला २८ एप्रिल १९५२ ला, असं पुस्तकात असतं. दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर मात्र हा दिवस अपमानाचा दिवस म्हणून पाळतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या तहाने मुख्य जपान मोकळा झाला आणि ओकिनावा अमेरिकेकडे राहिलं, ते १५ मे १९७२ पर्यंत. आजही देशाच्या ०.६ टक्के जमिनीवर, म्हणजे ओकिनावात, अमेरिकी तळांच्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के आहे. नाहाहून उत्तरेकडे बसने जा, कुंपणाच्या तारा शेजारून धावत राहतात.

भारत सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या तह-परिषदेला गेलाच नाही. नेहरूंच्या आक्षेपांत ओकिनावाचा प्रश्न आणि परक्या फौजा जपानमध्येच राहण्याची तजवीज, हे दोन्ही होते. आपण जून १९५२ मध्ये वेगळा तह केला आणि भरपाई सोडून दिली. जुनी जपानी माणसं याचा उल्लेख अजून करतात, पण त्याहून जास्त त्यांना आठवते ती इंदिरा नावाची हत्तीण. उएनोच्या प्राणिसंग्रहालयातले हत्ती युद्धात उपाशी ठेवून मारले होते. तोक्योच्या मुलांनी पत्रं लिहिली आणि नेहरूंनी १९४९ मध्ये म्हैसूरकडची हत्तीण पाठवली. माझी शेजारीण तेव्हा सहा वर्षांची होती. म्हणते, रांगेत इतकी गर्दी होती की तिला फक्त पाठ दिसली, आणि घरी जाऊन तिने पाठच काढली चित्रात.

येरळाकाठ, चिन्हाचं बघितलंत का?

---

येरळाकाठ

बघितलं. झाकण नाही. पण अक्षता काढून, पुसून उजेडात धरल्यावर बाहेरच्या काळ्या अंगावर एक पुसट सोनेरी वर्तुळ दिसलं, त्यात तीन पानं. आम्ही इतकी वर्षं तो डाग समजत होतो.

---

दूरदेशी_तोक्यो

तो डाग नाही. ते 'कामोन', घराण्याचं चिन्ह. असे वाडगे रोजच्या वापरातले नसतात. लग्नाला, वर्षारंभाला, पाहुणे जेवायला बसले की काढायचे, आणि पाचाचा किंवा दहाचा जोड असायचा, झाकणांसकट. सोलत सोलत एखादं घर तिथपर्यंत आलं म्हणजे आतलं सगळं संपलेलं असणार. तुमच्या आबांना तो कसा मिळाला, माहीत आहे?

---

येरळाकाठ

एवढंच माहीत होतं की एका म्हातारीने साखरेच्या बदल्यात दिला. आज आत्याला फोन केला, तिच्याजवळ आबा जास्त बोलायचे. ती म्हणाली, ओकायामाकडचं कुठलंसं गाव होतं, म्हातारी छावणीच्या तारेपाशी आली होती, पदराआड धरावा तसा कापडात गुंडाळून वाडगा आणला होता तिने. एकच. बाकीचे कुठे गेले असतील ते आत्ता तुमच्यामुळे कळलं.

साखर किती दिली होती, विचारलं.

आत्या म्हणाली, दोन मुठी.